इन्व्हर्टर एसीत गॅस खरंच कमी आहे का, हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, गॅस आर-३२. खोली गार व्हायला फार वेळ लागतोय. मेकॅनिकने गेज लावला, ११० पीएसआय (दाबाचं एकक) दिसलं आणि म्हणाले, "गॅस कमी आहे, थोडा भरून देतो." मी थांबवलं. मागच्या उन्हाळ्यातही असाच भरला होता. गॅस काही वापरून संपत नाही, मग जातो कुठे?

फिल्टर धुतलेत. आत जाणारी हवा २७ अंश, बाहेर येणारी २१. बारीक पाइपवर व्हॉल्व्हपाशी बर्फ धरतो, जाड पाइप कोरडा, १६ अंश. सबकूलिंग (द्रव झालेला गॅस त्या दाबाच्या उकळबिंदूपेक्षा किती अंश थंड आहे ते) मोजावं असं वाचलं, पण बारीक पाइपच बर्फाळ, तर मोजू कुठे?

प्रतिसाद १:
सबकूलिंग सोडा. बहुतेक स्प्लिटमध्ये एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा) बाहेरच्या युनिटमध्येच असतो, त्यामुळे बारीक पाइपही लो प्रेशरचा; सबकूलिंग मोजायचं ते हाय प्रेशरच्या बाजूला. नुसत्या प्रेशरवरही जाऊ नका. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग बदलतो तसा काटा हलतो. टेस्ट मोडवर (वेग स्थिर ठेवणारा मोड) पंधरा-वीस मिनिटं चालवून मगच आकडा घ्या.

आता तुमचा आकडा. आर-३२ ला ११० पीएसआय म्हणजे उकळबिंदू साधारण २ अंश. जाड पाइप १६, म्हणजे सुपरहीट (उकळबिंदूच्या वर गॅस किती अंश तापला ते) १४. हे जास्तच आहे. हवा अडली असती तरी प्रेशर पडलं असतं, पण तेव्हा जाड पाइप घामेजलेला, थंडगार लागला असता. तुमचा कोरडा आहे. तेव्हा गॅस कमी आहे हे मेकॅनिकचं बरोबर, वरून भरायचा उपाय मात्र चूक. आधी फ्लेअर नटांवर (पाइपचं तोंड पसरवून केलेल्या जोडांचे नट) साबणाचं पाणी लावा, तेलकट डाग शोधा. गळती काढून, नायट्रोजन दाबाने भरून तपासून, व्हॅक्यूम करून (आतली हवा ओढून काढून) लेबलवरचं वजन काट्यावर मोजूनच भरायला सांगा. आर-३२ पेट घेऊ शकतो, खिडक्या उघड्या ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार! आतल्या युनिटच्या जाड पाइपच्या नटाशी तेल सापडलं, साबणाचे बुडबुडेही आले. एकच शंका: लेबलवर ५ मीटरपुढे दर मीटरला २० ग्रॅम लिहिलंय. माझा पाइप ८ मीटर, म्हणजे ६० ग्रॅम जास्त ना?

प्रतिसाद १:
हो, ६०. फ्लेअर मात्र नव्याने करायला लावा, जुनाच आवळून घेऊ नका.