निम्हान्सच्या एमआरआयमध्ये टेलिपथी "सिद्ध" झाली म्हणे!

कडूकारले:
काल इथे एकांनी लिहिलं की बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये (मानसिक आरोग्य आणि मेंदूच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) एमआरआयखाली टेलिपथी सिद्ध झालीये, मेंदूत उजवीकडे दिवा लागला, आता तरी विज्ञानवाल्यांनी गप्प बसावं. गप्प बसवत नाही म्हणून हा वेगळा धागा.

तो पेपर २००८ चा, इंटरनॅशनल जर्नल ऑफ योगामधला. माणसं किती? दोन! एक स्टेजवर मनकवडेपणाचे प्रयोग करणारा मेंटलिस्ट आणि एक साधा माणूस. तिसऱ्याच कुणी काढलेलं चित्र दोघांनी ओळखून काढायचं. मेंटलिस्टचं जुळलं आणि त्याचा उजवा पॅराहिप्पोकॅम्पल भाग (आठवणींशी संबंधित) जास्त चालला, साध्याचं जुळलं नाही आणि त्याचा डावीकडचा पुढचा भाग चालला. बास, एवढंच. अहो, मेंदूच्या कुठल्या भागात रक्त जास्त जातंय एवढंच स्कॅनर दाखवतो, चित्राची माहिती डोक्यात शिरली कुठून हे त्याला काय कळणार? मी आत्ता डोळे मिटून शेजारच्या फ्लॅटमध्ये काय शिजतंय ते "पाहायला" लागलो तरी काहीतरी पेटेलच की. आणि मेंटलिस्टचं पोटच अशा गोष्टींवर चालतं, मग त्याच्यासोबत आधी एखादा जादूगार बसवून चित्र कसं जुळलं ते तपासा, स्कॅन नंतर.

तळ्यात_मळ्यात:
नेहमीचं अंनिस छाप लेक्चर. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या लहरी नोंदवणारं यंत्र, कशामुळे आलं माहितीये का? जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडला, मरता मरता वाचला, आणि त्याच दिवशी लांब घरी त्याच्या बहिणीला अस्वस्थ वाटून तिने वडिलांना तार करायला लावली. त्या अनुभवाने तो आयुष्यभर मेंदूच्या मागे लागला आणि १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. म्हणजे तुमचं लाडकं यंत्र टेलिपथीच्याच पोटातून आलंय. आमच्या आजीला तर पाहुणे येणार हे आधीच कळायचं, भात जास्त टाकून ठेवायची.

कडूकारले:
बर्गरला लहरी सापडल्या, टेलिपथी सापडली का? आणि आजीने भात जास्त टाकला पण कुणी आलंच नाही, मग दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात झाला, असं किती वेळा झालं ते कुणी मोजलं?

त्याच २००८ मध्ये हार्वर्डच्या मोल्टन आणि कॉस्लिन यांनी नीट प्रयोग केला. जुळे, भावंडं, जोडपी, मित्र अशा जोड्या घेतल्या. एकजण दुसऱ्या खोलीत फोटो बघतोय, दुसरा स्कॅनरमध्ये पडून दोन फोटोंपैकी तो कुठला ते ओळखतोय. निकाल छापाकाटा, निम्मे बरोबर. आणि "पाठवलेला" फोटो बघताना आणि दुसरा बघताना मेंदूत काडीचा फरक नाही.

तळ्यात_मळ्यात:
त्या चिंचोळ्या नळीत, एवढ्या खडखडाटात शक्ती चालेल का? साधना लागते त्याला, शांतता लागते.

बावळट_बोका:
निम्हान्सवाल्याला अशाच नळीत चालली की! बेंगळुरूला येते आणि हार्वर्डला रुसते?
शिवाय २००९ चा तो मेलेला सामन आठवा. मासळीबाजारातला मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, हजारो ठिपके एकाच वेळी तपासताना योगायोगाने काही पेटलेले दिसतातच, ती आकडेवारीची दुरुस्ती न करता बघितलं तर त्याच्याही मेंदूत "हालचाल" दिसली. २०१२ ला इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं.

कोपरगावकर:
विषय निघालाच आहे तर मुलांचा मध्यमेंदू "जागा" करून डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या त्या मिडब्रेन अॅक्टिव्हेशनवाल्यांना कोण विचारणार? आमच्या भाच्याला घातलं होतं, दोन दिवसांच्या शिबिराचे हजारो रुपये. डोळ्यांवर पट्टी बांधून पत्ते ओळखायचा, ताई रडायचीच बाकी होती कौतुकाने. मी पत्ता हनुवटीखाली धरला की खाडखाड सांगायचा, कपाळासमोर धरला की "मामा, आज एनर्जी नाहीये". नाकाशेजारच्या फटीत कापूस कोंबला आणि संपली दिव्यदृष्टी. मिडब्रेन काय बंद असतो का अॅक्टिव्हेट करायला? तो बंद पडला तर पोरगं शुद्धीवर तरी राहील का?

तळ्यात_मळ्यात:
सगळ्यांना एकाच पारड्यात टाकू नका. माझी मुलगी त्याच कोर्सनंतर पट्टी बांधून पुस्तक वाचते, मी स्वतः समोर बसून पाहिलंय. माझी मुलगी खोटारडी म्हणताय का तुम्ही?

कोपरगावकर:
मुलीला कोण काय म्हणतंय? फटीतून दिसतं, आईबाप खूश होतात, नऊ वर्षांचं पोर काय करणार? क्लासवाल्याला काहीच का नाही बोलत तुम्ही? पालकांच्या पैशांवर गाड्या फिरवतात हे लोक.

तळ्यात_मळ्यात:
तुमच्या भाच्याला जमलं नाही म्हणून सगळं जग फसवं, वा रे लॉजिक. उलट मुलीची एकाग्रता वाढलीये, गणितात मार्क वाढले.

बावळट_बोका:
ट्यूशन पण लावली असेल ना गणिताची?

तळ्यात_मळ्यात:
लावली आहे. मग?

बावळट_बोका:
काही नाही, सहज विचारलं.

कडूकारले:
धागा निम्हान्सचा होता मंडळी, पण असो.

तळ्यात_मळ्यात:
बरं बाबा, दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, झालं समाधान? द्या टाळ्या. पण मेंदूचं सगळं तुम्हालाच कळलंय असा आव आणू नका. आणि मुलीच्या नाकात मी कापूस घालणार नाही.

कोपरगावकर:
नाकात नाही हो, पट्टीखाली! नका घालू. पत्ता फक्त कपाळासमोर धरून बघा, आणि फीची पावती जपून ठेवा.