मदत हवी आहे : हतनूरची बदकगणना, थंडी आणि पाण्याची पातळी

मंडळी, जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणावरच्या जानेवारीच्या बदकगणनेत एक घोळ सुटत नाही. तलवार बदक, थापट्या ही हिवाळी पाहुणी बदकं उथळ पाण्यात डोकं बुडवून खाणारी. त्यांना वीतभर, फार तर हातभर पाणी लागतं. पाऊस उशिरापर्यंत पडला, धरण तुडुंब राहिलं की काठचा उथळ पट्टा बुडतो आणि ती आजूबाजूच्या तळ्यांवर पांगतात. बुडी मारणाऱ्या लालसरी बदकाला त्याचं फारसं काही नाही. म्हणजे आकडा घसरला तरी पक्षी घटलेच असं नाही.

उलट, उत्तरेकडची तळी गोठली की थवे आणखी दक्षिणेला, आपल्याकडे सरकतात. तेव्हाचा फुगलेला आकडाही तितकाच फसवा. (आपल्याकडचा गारठा त्यांना काय करणार! धुकं मात्र मोजणाऱ्याला नडतं.)

पातळी आणि थंडी, दोन्हींचा परिणाम वेगळा कसा काढायचा? सध्याची नोंद : सूर्य पाठीशी, धुकं विरल्यावर दोन तास, मोठा थवा पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी, दोनदा मोजून. त्या दिवशीची धरणाची पातळी आणि उत्तरेकडचं किमान तापमानही लिहावं का? आसपासच्या मेहरूण, नकाणे तलावांवर आणि अनेर धरणावर त्याच सकाळी कुणी मोजेल का? वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर तोच थवा दोनदा धरला जातो.