मदत हवी आहे: फायलींची वेडीवाकडी नावं आपोआप अडवायची आहेत

अर्धविराम: टीममध्ये ठरलंय, नावं लहान अक्षरांत, मध्ये हायफन. पाळत कुणी नाही. काल परत सर्व्हरवर बिल्ड पडला, 'फाईल सापडली नाही'. माझ्याकडे चालतंय. हुक (आपोआप चालणारी तपासणीची स्क्रिप्ट) लावून पाहिला, उपयोग शून्य. लवकर सांगा, आज रिलीज आहे.

टॅबवाला: भाषा कुठली? हुक कसला? मशीन कुठलं? एवढं तरी लिहा हो.

जुनंखोड: ईएसलिंटला, कोड तपासणाऱ्या टूलला, युनिकॉर्न प्लगइन जोडा. फाईलच्या नावाचा नियम तयारच आहे त्यात. विषय संपला.

अर्धविराम: टाइपस्क्रिप्ट, मॅक. सापडली नाही ती एसव्हीजी होती, चित्राची फाईल. लोगोचा एल मोठा.

टॅबवाला: मग ईएसलिंट काय कपाळ करणार? चित्रं तो बघतच नाही. एलएस-लिंट घ्या, ते फक्त नावं तपासतं, एक्सटेन्शनगणिक वेगळा नियम देता येतो. मॅकची फाईल सिस्टीम सहसा लहान-मोठं अक्षर एकच धरते, लिनक्स धरत नाही. म्हणून तुमच्याकडे चालतंय.

जुनंखोड: आणखी एक टूल कशाला? गिटच्या (कोडच्या आवृत्त्या ठेवणारं टूल) प्री-कमिट हुकमध्ये, म्हणजे कमिटच्या आधी, गिट डिफने बदललेल्या फायली काढा, ग्रेपने नावं तपासा, चार ओळींचं काम.

टॅबवाला: कमिट करताना नो-व्हेरिफाय मारलं की हुक चालतच नाही, चारही ओळी पाण्यात. शिवाय हुक क्लोनबरोबर, म्हणजे कोडची प्रत घेताना, येत नाहीत. सीआयवर लावा, म्हणजे आलेला बदल सर्व्हरच आपोआप तपासेल.

अर्धविराम: अरे! म्हणजे बाकीच्यांकडे हुक नाहीच??

कोरंपान: मी अंडरस्कोरवाला. पायथनमध्ये हायफनचं मॉड्यूल सरळ इम्पोर्ट होत नाही.

टॅबवाला: इथे पायथन कुठून आलं?

फुरसत: खूप फोटोंची नावं बदलायची तर फाइंडरमध्ये सगळे निवडून राइट-क्लिक, रिनेम. सोपं आहे.

अर्धविराम: एलएस-लिंट चालवलं. 214 चुका! लोगोचं नाव बदललं तर गिट म्हणतंय काही बदललंच नाही.

टॅबवाला: गिटचं कोअर-इग्नोरकेस सेटिंग ट्रू असणार, म्हणून लहान-मोठ्याचा फरक धरत नाही. गिट एमव्ही कमांडने नाव बदला. फोल्डर असेल तर दोन टप्प्यांत, आधी भलतंच नाव, मग हवं ते. कोडमधले इम्पोर्टही बघा. जुनी फोल्डरं सध्या एलएस-लिंटच्या इग्नोर यादीत टाका.

जुनंखोड: म्हणजे त्यात उद्या येणारी नवी फाईलही सुटली. माझ्याच चार ओळी सीआयवर चालवा, मेन ब्रँचशी डिफ, फक्त नव्या आणि नाव बदललेल्या फायली. जुन्या 214 निवांत निस्तरा.

टॅबवाला: हे मान्य.

अर्धविराम: लोगो झाला, बिल्ड हिरवा. स्क्रिप्ट लावली तर आता नव्या फोल्डरातल्या रीडमीवर (माहितीची फाईल) अडलंय, सगळी अक्षरं मोठी म्हणून. अपवाद कुठे लिहू?