सातवा महिना आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह, बाळाला होईल का?

सातपूरची_सून:
नमस्कार, सातवा लागलाय. परवा रिपोर्टमध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं, म्हणजे हिपॅटायटिस बी निघालं, पांढरी कावीळ म्हणतात ते. मला काहीच त्रास नाही हो, डोळेपण पिवळे नाहीत. सासूबाईंनी कालपासून माझं ताट-पेला वेगळा काढलाय आणि कुठंतरी झाडपाल्याचं औषध देतात तिकडं चल म्हणतायत. बाळाला होणार का? सिझरच करावं लागेल का? अंगावर पाजता येईल ना?

नाशिकरोडकर_आई:
ताई घाबरू नका, मी यातून गेलेय, पोरगा आता चार वर्षांचा आहे, निगेटिव्ह आहे. फक्त माझी चूक करू नका. बाळाला जन्मल्यावर हिपॅटायटिस बीच्या लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीजचं) इंजेक्शन लागतं, १२ तासांच्या आत, ते आमच्या हॉस्पिटलात नव्हतंच आणि कोणी आधी बोललंही नाही. रात्री दोनला मिस्टर नाशिकरोडवरून द्वारका चौकापर्यंत मेडिकल पालथे घालत होते, शेवटी मिळालं तर ते बर्फाच्या डब्यात मांडीवर धरून आणलं. महाग असतं, आणि दर मेडिकलात ठेवत नाहीत. आठव्यातच डॉक्टरांना विचारून सोय करून ठेवा.

सिस्टर_पंचवटी:
बरोबर. लस एका मांडीत, हे इम्युनोग्लोब्युलिन दुसऱ्या मांडीत. लस २४ तासांच्या आत हवीच, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. मग ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच आजारांची एकत्र लस, त्यात हिपॅटायटिस बीची पण असते, एकही चुकवू नका. आणि आत्ता डीएनए व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती टेस्ट, केलीय का? २ लाखांच्या वर असेल तर २८ आठवड्यांपासून विषाणू कमी करणारी टेनोफोव्हिर गोळी देतात, म्हणजे तुमची वेळ हीच आहे, झाडपाल्यात घालवू नका. नुसत्या यासाठी सिझर लागत नाही. बाळाला लस दिली की बिनधास्त पाजा, निपलला चीर पडून रक्त येत असेल तर तेवढं डॉक्टरांना दाखवा. बाळाचं रक्त ९ महिन्यांनंतर तपासायचं, आधी घाई नको. मिस्टरांचीपण टेस्ट करा, निगेटिव्ह असतील तर लस द्या.

सातपूरची_सून:
खूप आभार, लोडसाठी उद्याच रक्त देते. ताटाचं काय करू तेवढं सांगा, रोज जेवताना रडू येतं.

सिस्टर_पंचवटी:
मांडणीत परत ठेवा सगळ्यांच्या ताटांबरोबर. जेवणातून, भांड्यातून हा पसरत नाही, रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. ब्रश, रेझर, नेलकटर मात्र वेगळं ठेवा. आणि सासूबाईंना पुढच्या चेकअपला सोबत आणा, सुनेचं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकतात 😄