धोबीपछाड चार पॅनलमध्ये कसा काढायचा?

गिचमिड_कागद

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी एक कॉमिक काढतोय, म्हणजे ऑफिसातून आल्यावर जेवून वगैरे जो काय वेळ मिळेल त्यात. विषय कुस्ती. लहानपणी नागराज, ध्रुव, काकांच्या माळ्यावरचे इंद्रजालचे अंक, मग कॉलेजात मांगाचा (जपानी कॉमिक्सचा) नाद लागला, दुसरीकडे ब्रूस ली जॅकी चॅन आणि आता पहाटे अलार्म लावून यूएफसी (पिंजऱ्यातल्या लाथा, बुक्क्या, पकडी सगळं चालणाऱ्या लढती), तर हे सगळं एकत्र येईल असं काहीतरी आपल्या मातीतलं काढावं ही खाज फार जुनी आहे.

प्रॉब्लेम असा की बुक्की काढणं सोपं असतं हो, एकजण मारतो दुसरा उडतो मध्ये मोठी चांदणी काढली की झालं. कुस्तीत दोघं चिकटलेले. धोबीपछाड (समोरच्याला पाठीवरून घेऊन आपटायचा डाव) काढायला घेतला, व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, अॅनाटॉमी बऱ्यापैकी बरोबर आली, तरी पान एकदम मेलेलं दिसतंय, दोन पोती एकावर एक रचल्यासारखं. बायकोने बघून विचारलं की यातला हा हात कोणाचा? आता काय सांगणार.

चित्रवाले, पिक्चरवाले, तालीमवाले जे कोणी असाल ते सांगा, नक्की कुठे गडबड होतेय? चारच पॅनल आहेत डावासाठी.

टायगर_मास्क_पुणे

वा, असे धागे पाहिजेत! उत्तर द्यायच्या आधी थोडं अवांतर, कारण कॉमिक आणि फाइट म्हटलं की मला राहवत नाही.

माझ्या आयडीचीच गोष्ट. टायगर मास्क हे मुळात १९६८ साली सुरू झालेलं मांगा, वाघाचा मुखवटा घालणारा पैलवान. पुढे २३ एप्रिल १९८१ ला न्यू जपान या जपानी कुस्ती कंपनीने खराखुरा माणूस तो मुखवटा घालून रिंगमध्ये उतरवला, समोर डायनामाइट किड हा इंग्लिश पैलवान. लोकांना वाटलं असणार पोरांसाठी काहीतरी गंमत आहे, पण मुखवट्याआड होता सातोरू सायामा आणि त्याने जे काय केलं ते आजही बघा, वजन म्हणून नाहीच त्या माणसाला. आणि पुढची गंमत म्हणजे याच सायामाला ठरवून खेळलेल्या कुस्तीचा कंटाळा आला आणि त्याने लाथा बुक्क्या पकडी सगळं चालेल असा 'शूटो' नावाचा खेळ उभा केला. पहिलं यूएफसी १९९३ चं, हा त्याच्या आधीचा. म्हणजे कागदावरचा पैलवान रिंगमध्ये आला आणि त्यातून खरी मारामारी जन्माला आली, अजून काय पाहिजे!

दुसरं, बॉक्सिंगवरचं मांगा 'आशिता नो जो'. त्यात चित्रकार तेत्सुया चिबाने रिकिइशी या पात्राला हिरोपेक्षा बराच उंच काढून ठेवला, तेव्हा तो पुढे हिरोचा मुख्य प्रतिस्पर्धी होणार हे ठरलेलंच नव्हतं. मग दोघं एका वजनी गटात लढणार कसे? म्हणून कथेत त्याला उपाशी ठेवून वजन उतरवायला लावलं, आणि तो त्या लढतीनंतर मेला. १९७० मध्ये वाचकांनी टोकियोत प्रकाशकाच्या ऑफिसात त्याचा खराखुरा अंत्यविधी केला, ७०० च्या आसपास माणसं आली होती, कागदावरच्या माणसासाठी!!

तुमच्या प्रश्नाबद्दल, दोघांच्या उंचीत आणि अंगकाठीत ढळढळीत फरक करा. एक उंच सडसडीत, एक बुटका आणि रुंद. हात कोणाचा हे आपोआप कळेल. कथेत त्याचं काय होईल याची जबाबदारी माझी नाही.

लाल_माती

भावा चित्राचं मला काय कळत नाय, पण डावाचं सांगतो. तू डाव सुरू झाल्यावर पेन्सिल उचललीस, गडबड तिथंच हाय.

धोबीपछाड काय उगंच बसत नसतोय. समोरच्याचा तोल आधी पुढं यायला लागतोय. आता तो तुला सुखासुखी तोल देईल का? तू त्याला रेटायचं, मग तो उलटा रेटा देतोय, आणि त्यानं जोर लावला रे लावला की तू जोर सोडून आत फिरायचं, त्याचाच जोर त्याला घेऊन येतोय. म्हंजी तुझा पहिला पॅनल खडाखडीचा पायजे, मानेवर हात, डोक्याला डोकं, आणि त्यात दुसऱ्याच्या टाचा उचललेल्या दाखव. टाच उचलली म्हंजी गडी गेला, तालमीत वस्ताद काय तोंडाकडं बघत नाय, पायाकडं बघतोय.

मग आत फिरताना तुझी कंबर त्याच्या कंबरंच्या खाली गेली पायजे, गुडघं वाकलेलं, त्याचा दंड तुझ्या खांद्यावर गच्च, मधी हवा जायला बी जागा नको. सगळे चित्रकार इथं पैलवान ताठ उभा काढत्यात आणि पाठीवरनं माणूस हातानं उचलून टाकल्यागत दाखवत्यात. अरं हातानं कोण ९० किलो उचलतंय? ते सगळं कंबरंवर आणि गुडघ्यावर असतंय.

आणखी एक, माती इसरू नको. खडाखडीत एकमेकाच्या अंगाला माती लावत्यात, नायतर घामानं पकड सुटती. कुस्ती जशी पुढं जाईल तशी अंगावरची माती वाढव, आणि ज्याच्या पाठीवर माती जास्त तो आधी खाली गेल्ता हे न बोलता कळतंय. जुनी माणसं उशिरा आली तर पाठी बघूनच सांगत्यात कोण वरचढ हाय.

इंटरव्हलला_वडापाव

लाल_माती, दंडवत घ्या _/\_ टाचांचा मुद्दा बाप आहे.

मी पिक्चरच्या बाजूने. हल्ली बऱ्याच अॅक्शनपटांत कॅमेरा इतका हलतो आणि इतके कट मारतात की कोणी कोणाला मारलं हे आवाजावरून ओळखायचं. हाँगकाँगवाल्यांचं उलट होतं. जॅकीकडे बघा, कॅमेरा लांब, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, आणि फटका बसतो तिथे कट मारला तरी पुढच्या शॉटमध्ये तो फटका थोडा मागून पुन्हा सुरू करतात, म्हणजे तो क्षण आपण जवळजवळ दोनदा बघतो पण मेंदूला तो एकच जोरदार फटका वाटतो. हे कागदावर करता येतं की! पाय जमिनीवरून सुटले तो क्षण एका पॅनलमध्ये लांबून, आणि तोच क्षण पुढच्या छोट्या पॅनलमध्ये फक्त मनगटाची पकड, बोटं कातडीत रुतलेली.

'व्हील्स ऑन मील्स' (१९८४) मधली शेवटची फाइट बघितली नसेल तर आजच बघा, समोर बेनी अर्किडेझ, तो खरोखरचा किकबॉक्सिंग चॅम्पियन. त्यात त्याची लाथ हुकते आणि तिच्या वाऱ्याने मेणबत्त्या विझतात. लाथ लागलीच नाही तरी आपण खुर्चीत मागे सरकतो. तर जोर नेहमी पैलवानाच्याच अंगावर कशाला दाखवायचा, उडालेली माती दाखवा, पुढच्या रांगेतले आजोबा तोंड फिरवताना दाखवा.

आणि 'एंटर द ड्रॅगन'ची पहिलीच फाइट, ब्रूस ली आणि सॅमो हंग, बोटं मोकळी असलेले ग्लोव्ह्ज घालून, आणि शेवट बुक्कीने नाही तर जमिनीवर पकडीत. १९७३ साली! आजची एमएमए (यूएफसीत असते ती मिश्र मारामारी) बघणाऱ्याला ते अजिबात जुनं वाटत नाही.

शाईचा_डाग

सगळ्यांचं पटतंय पण मी थोडा विरोधात बोलणार. एवढं खरं खरं काढलं तर कुस्तीच्या पुस्तकातल्या आकृत्या होतील, कॉमिक नाही. अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचा चित्रकार जॅक कर्बी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला गल्लीतल्या मारामाऱ्या करत वाढला, त्याला खरी बुक्की माहीत होती, पण म्हणून त्याने ती तशीच काढली का? त्याची मूठ अख्ख्या डोक्याएवढी येते, पाय इतके फाकलेले की कोणी उभं राहून दाखवावं. 'बाकी' नावाच्या मारामारीच्या मांगाचा चित्रकार इतागाकी बघा, स्वतः बॉक्सिंग केलेला, सैन्यात राहिलेला माणूस, आणि स्नायू असे काढतो की डॉक्टर चक्कर येऊन पडेल. ज्याला खरं माहिती आहे तोच खोटं कुठे बोलायचं ते ठरवू शकतो. आपल्या प्रताप मुळीकांचं नागराजमधलं काम बघा, अमर चित्र कथेत बसलेला हात, त्यामुळे माणूस कितीही उडाला तरी हाडं जागच्या जागी.

जुनी युक्ती सांगतो. ठोसा लागतानाचा नेमका क्षण काढायचाच नाही. हात पार मागे ओढलेला काढा नाहीतर ठोसा लागून पलीकडे गेलेला काढा, मधलं वाचणारा स्वतः भरतो. तुम्ही व्हिडिओ थांबवून नेमका तो मधलाच फ्रेम उचललात, म्हणून पोती. माणूस पाठीवर आडवा असताना काढू नका. एक तर जाताना, नाहीतर पाय आभाळात आणि डोकं चौकटीच्या बाहेर.

गिचमिड_कागद

अरे काय भारी लोक आहात तुम्ही. चारही पॅनल पुन्हा काढतोय. पहिला खडाखडी आणि टाच, दुसरा कंबर खाली (इथे गुडघे नीट दाखवतो), तिसरा लांबट उभा, पाय चौकटीच्या बाहेर, चौथ्यात फक्त माती आणि पब्लिक. मनगटाचा छोटा पॅनल तिसऱ्यातच कोपऱ्यात घुसवतो.

शाईचा_डाग, हो, मी नेमका तोच फ्रेम उचलला होता.

एकच शंका राहिली, चौथ्या पॅनलमध्ये पंच कुठे उभा करू?

लाल_माती

उभा कशाला करतोस! पाठ टेकली का न्हाय बघायला पंच पार वाकलेला असतोय, एक हात मातीत, गाल जवळजवळ जमिनीला, शिट्टी तोंडात. फेटा बांध त्याला, झ्याक दिसंल. फक्त पैलवानाच्या आणि वाचणाऱ्याच्या मधी आणू नको, मैदानात असा पंच मधी आला की मागनं काय शिव्या पडत्यात ते इथं लिहिता येत नाय.