एएफएस क्लायंट डीएनएसवर न्यायचेत: सेलसर्व्हडीबी काढली तर चालेल का?

उद्यमनगर_रूट: ओपनएएफएस (नेटवर्कवरून फाइल वाटायची यंत्रणा), डेबियन लिनक्सवर 40 क्लायंट. अर्धे उद्यमनगरात, अर्धे गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. फाइल कुठे आहे ते क्लायंटना सांगणारे डेटाबेस सर्व्हर दोन, दोन्हींचे आयपी बदलणार आहेत. दर वेळी 40 मशिनांवर सेलसर्व्हडीबी (या सर्व्हरांच्या आयपींची यादी असलेली फाइल) बदलत बसण्यापेक्षा क्लायंटनी सर्व्हर डीएनएसमधून शोधावेत असं करायचंय. डीएनएसच्या झोनमध्ये काय लिहू? आणि जुनी फाइल सरळ उडवू का?

पंचगंगा53: झोनमध्ये प्रत्येक सर्व्हरसाठी एक एसआरव्ही रेकॉर्ड (सेवा कुठल्या होस्टवर, कुठल्या पोर्टवर ते सांगणारा) लागेल. नाव `_एएफएस3-व्हीएलसर्व्हर._यूडीपी` आणि पुढे तुमच्या सेलचं (तुमच्या एएफएस गटाचं) नाव. रेकॉर्डचा मजकूर `0 0 7003 डीबी1...`, म्हणजे प्रायॉरिटी, वेट, पोर्ट, होस्ट. होस्टच्या शेवटी टिंब विसरलात तर झोनचं नाव पुन्हा मागे चिकटतं आणि क्लायंट नसलेल्या मशिनचा पत्ता शोधत बसतो. होस्टला ए रेकॉर्डच (नावावरून थेट आयपी) हवा, सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा) नको. ओपनएएफएस 1.4 चे क्लायंट अजून असतील तर जुना एएफएसडीबी रेकॉर्डही ठेवा, सबटाइप 1. त्यात पोर्ट नसतो, एवढाच फरक.

टीटीएल (उत्तर किती सेकंद कॅशमध्ये ठेवायचं तो आकडा) 86400 असेल तर आयपी बदलायच्या आदल्या दिवशीच 300 करा. त्याच दिवशी करून उपयोग नाही, जुनं उत्तर कॅशमध्ये बसलेलं असतं.

तांबडा_रस्सा: फाइल उडवू नका भावा, त्यातल्या फक्त आयपीच्या ओळी काढा. `>` आणि सेलचं नाव एवढी एकच ओळ ठेवा. फाइलमध्ये सर्व्हर दिसला की क्लायंट डीएनएसला विचारतच नाही, म्हणून आयपी जायलाच हवेत. पण सेलचं नावही गेलं तर डायनरूटमध्ये (क्लायंट स्वतःच बनवतो त्या एएफएसच्या मूळ फोल्डरमध्ये) `एलएस` मारल्यावर तो सेल दिसत नाही आणि लोक फोन करत सुटतात.

क्लायंटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, `एएफएस.कॉन्फ.क्लायंट`मध्ये, एएफएसडीबी (इथे अर्थ: सर्व्हर डीएनएसमधून शोध) आणि डायनरूट दोन्ही `ट्रू` करा. डायनरूट नसेल आणि बूटच्या वेळी नेटवर्क उशिरा उठलं तर `एएफएसडी` (क्लायंट सुरू करणारा प्रोग्रॅम) रूट व्हॉल्यूम शोधत अडकतो. नंतर क्लायंट रीस्टार्ट कराच, कारण जुनी यादी कर्नलमध्ये आधीच भरलेली असते.

उद्यमनगर_रूट: सर्व्हरवरच्या सेलसर्व्हडीबीलाही हेच करायचं?

तांबडा_रस्सा: अजिबात नाही! सर्व्हरची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि यूबिक (डेटाबेस सर्व्हरांच्या प्रती जुळत्या ठेवणारा भाग) तिच्यातूनच आपले जोडीदार ओळखतं. तिथे नवे आयपी हातानेच लिहा आणि डेटाबेस प्रोसेस रीस्टार्ट करा.

पंचगंगा53: एक जाता जाता. लिहू देणारा मुख्य सर्व्हर मतांनी ठरतो, आणि दोनच डेटाबेस सर्व्हर असले की सर्वात लहान आयपीवाल्याला अर्धं मत जादा मिळतं. तो पडला तर दुसरा वाचू देतो, लिहू देत नाही. हलवताय तर तिसरा जोडून घ्या.

आणि गोकुळ शिरगावच्या मशिनांवरून `डिग`ने (डीएनएसला विचारायची कमांड) एसआरव्ही स्वतंत्र तपासा, तिथल्या राउटरलाच विचारून. काही स्वस्त राउटर ए रेकॉर्ड देतात आणि एसआरव्ही गिळतात. मग उद्यमनगरात सगळं चालतं, तिकडे नाही. उत्तर नीट आलं की सेलमध्ये `सीडी` करा, मग `एफएस लिस्टसेल्स`. तिथे नवे आयपी दिसायला हवेत.

उद्यमनगर_रूट: राउटरच निघाला. एसआरव्हीचं उत्तर रिकामं येत होतं. तिकडच्या क्लायंटना थेट आपला डीएनएस सर्व्हर दिला, आता `लिस्टसेल्स`मध्ये दोन्ही दिसताहेत.