‘मानवी सुरक्षा’ की ‘मानवी सुरक्षितता’?

शिरोळकर: दूरशिक्षणाच्या राज्यशास्त्राचा एक धडा मराठीत करतोय. विषय ह्यूमन सिक्युरिटी. मी ‘मानवी सुरक्षा’ लिहिलं, तपासणाऱ्या मॅडमनी खोडून ‘सुरक्षितता’ केलं. म्हणे, सुरक्षा म्हणजे बंदोबस्त. 1994 च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी ही कल्पना मांडली तीच मुळी बंदोबस्ताच्या उलट. सीमा राखून भागत नाही, आतला माणूस उपाशी, आजारी, बेकार नको. काय ठेवू?

रंकाळावेस: मॅडमचं बरोबर आहे. पुढाऱ्याची सुरक्षा काढून घेतात, सुरक्षितता काढून घेतली असं कोण म्हणतं? एक व्यवस्था, दुसरी अवस्था.

खासबाग: मग अन्नसुरक्षा कायद्यात रेशन दुकानाम्होरं बंदूकवाला उभा असतोय व्हय? 2013 चा कायदा हाय, कुणाचं काय अडलं न्हाई. एमपीएससीची पोरं ‘मानवी सुरक्षा’च पाठ करत्यात. रुळलेला शब्द कशाला उपटताय?

घनसाळ: मला ‘मानवी’च खटकतं. मानवी साखळी म्हणजे माणसांची, मानवी चूक म्हणजे माणसानं केलेली. मग मानवी सुरक्षा म्हणजे कॅमेऱ्याऐवजी वॉचमन!

खासबाग: आणि मानवी हक्क?

घनसाळ: तिथं कान सरावलेत.

खासबाग: मी तरी दुसरं काय म्हणतोय!

निवृत्त मास्तर: घरचा शब्द असताना ही ओढाताण का? योगक्षेम. नसलेलं मिळणं तो योग, असलेलं टिकणं ते क्षेम. अहवालातही अभावापासून मुक्ती आणि भयापासून मुक्ती असे दोनच खांब आहेत. तंतोतंत बसतं.

रंकाळावेस: मास्तर, ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे एलआयसीचं ब्रीदवाक्य. पोरांना एलआयसीचा धडा वाटेल.

निवृत्त मास्तर: वाटू दे. त्यांनीही गीतेतूनच उचललाय.

शिरोळकर: मास्तर, छान आहे, पण मॅडम पास करणार नाहीत. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या 2012 च्या ठरावात स्पष्ट म्हटलंय, या कल्पनेत बळाचा वापर किंवा धमकी येत नाही. म्हणून आता मलाही ‘सुरक्षा’ जरा जड वाटायला लागलीय.

चिखलीची सून: 2019 च्या महापुरात आमच्याकडं, कोल्हापूरजवळ चिखलीत, होड्या घेऊन जवानच आले होते की. पण फोनवर प्रत्येक जण विचारायचा, “सुखरूप हायसा न्हवं?” सुरक्षित आहात का, असं एकानंही विचारलं नाही.

खासबाग: वहिनी, त्या पुराला कर्नाटकातलं अलमट्टी धरणच कारण. आता त्याची उंची 519 वरनं 524 मीटर करायची म्हणत्यात.

रंकाळावेस: त्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोष दिला नव्हता. पूररेषेतली बांधकामं बघा आधी.

शिरोळकर: मंडळी, अहवालातल्या ह्यूमन सिक्युरिटीच्या सात पैलूंत ‘कम्युनिटी’ पण आहे. ‘सामाजिक सुरक्षा’ लिहिलं तर पेन्शन वाटते. ‘सामुदायिक’ लिहिलं तर विवाह. काय करू?

खासबाग: समितीचं ऱ्हाऊ द्या. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका पातळी, मग त्या साली पाणी 55 च्या वर गेलं कसं, तेवढं सांगा.